सोवळ्यातली गाडी

गाडी घेतली की ती रस्त्यावर आणावी लागते, ही अडचण मोटार उद्योगाला सव्वाशे वर्षांत दूर करता आलेली नाही. शोरूममध्ये गार हवेत, चकचकीत फरशीवर उभी असते तोवर गाडीला काही म्हणजे काही होत नाही. फाटकाबाहेर पडली की समोरून जग यायला लागतं. जग म्हणजे खडी, कच, वाळू, भुंगेरे, पाखरं, पुढच्या एसटीच्या खिडकीतून आलेलं केळ्याचं साल, आणि घाटात त्याच खिडकीतून येणारं, जेवणाआधी ज्याचं नाव घेऊ नये असं काहीतरी. हे सगळं गाडी तोंडावर झेलते. डिकी बिचारी म्हातारी होईपर्यंत कोरी राहते. म्हणून नव्या गाडीवाल्याचा जीव बॉनेट, बंपर, हेडलाइट आणि दोन आरसे एवढ्याच मुलखात अडकलेला असतो.

आमच्या सोसायटीतले अण्णा बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांनी लाल गाडी घेतली. लाल रंग काकूंनी निवडला. अण्णांचा कल करड्याकडे होता, कारण करड्यावर काही दिसत नाही. "दिसायचं नसेल तर घ्यायची कशाला?" असं काकूंनी विचारलं आणि विषय मिटला. पण अण्णांनी तो प्रश्न मनावर घेतला. गाडी दिसायची, तर ती आली त्या दिवशी दिसली तशीच कायम दिसली पाहिजे, असा त्यांचा पण. तेव्हापासून त्या गाडीच्या पुढच्या दीड मीटरला जे सोवळं लागलं, ते ती विकेपर्यंत सुटलं नाही.

सुरुवात पूजेपासून झाली. पुण्यात नवी गाडी घरी यायच्या आधी पौड फाट्याच्या दशभुजा गणपतीला नाही तर सारसबागेत जाते. तिथे गाडीचा जो काही मान राखतात त्यात तिचा रंग राहणं अवघड असतं. बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक निघतं. हार घालतात, तो बऱ्याचदा तारेत ओवलेला असतो आणि परतीच्या वाटेवर वाऱ्याने लोंबकळत बॉनेटवर बारीक नक्षी काढत येतो. नारळ फोडतात, तो उत्साहाच्या भरात कधी बंपरच्या फारच जवळ फुटतो. अण्णा आदल्या दिवशीच जाऊन गुरुजींना अटी सांगून आले. स्वस्तिक कागदावर काढायचं, कागद काचेच्या आत ठेवायचा. हार सुती दोऱ्यातलाच. नारळ पार्किंगच्या पलीकडच्या टोकाला. चाकाखाली लिंबू चालेल, टायर रबराचे आहेत. पण लिंबू-मिरची पुढे टांगायची नाही, लिंबात आम्ल असतं.

गुरुजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "अण्णा, मग गाडी राहू द्या घरीच," ते म्हणाले. "किल्ली आणा. तिची पूजा करू."

एक मात्र म्हटलं पाहिजे. गाडीच्या तोंडाचं रक्षण करायची आपली परंपरा अमेरिकेतून आलेली नाही. ट्रकला पुढे काळी बाहुली, मागे फाटकी चप्पल, रिक्षाला काळे गोंडे, टेम्पोला घोड्याचा नाल, हा सगळा आघातरोधक सामानाचाच प्रकार आहे. फक्त तो नजरेच्या खड्यांसाठी असतो. डांबरावरच्या खड्यांसाठी दुसरं दुकान आहे. तिकडे जाण्याआधी रंगाची थोडी माहिती घेऊ, कारण अण्णांनी ती घेतली आणि पुढे सोसायटीत भेटेल त्याला दिली.

गाडी पत्र्याची असते. पत्रा गंजतो. म्हणून कारखान्यात सगळा सांगाडा रंगद्रव्याच्या हौदात बुडवून, वीज सोडून त्यावर पहिला थर चढवतात. या थरावर प्रायमर येतो, प्रायमरवर रंग, आणि रंग उन्हाने उडू नये म्हणून वर पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट. हे सगळं मिळून भरतं साधारण १०० ते १५० मायक्रॉन. झेरॉक्सचा साधा कागद १०० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे आठ-दहा लाखांच्या गाडीची सगळी अब्रू कागदाच्या एक-दीड तावाएवढी जाड. तिच्यावर खडा बसला की टवका उडतो, टवक्यातून पाणी शिरतं, आणि ज्या गंजासाठी हा सगळा खटाटोप केला तो पोपडे धरून बाहेर येतो.

थोडक्यात, रंग हा मुळात पहारेकरी आहे. पत्र्यावर राखण ठेवण्यासाठी त्याची नेमणूक झाली. पुढे लोक पहारेकऱ्याच्याच प्रेमात पडले आणि त्याला जपण्यासाठी क्लिअर कोट नेमला. आता क्लिअर कोटला जपायला फिल्म आहे, फिल्मला जपायला कोटिंग आहे, कोटिंगला जपायला कव्हर आहे, आणि कव्हरवर मांजर झोपू नये म्हणून वॉचमन आहे. वॉचमनला मात्र कोणी काही लावलेलं नाही. तो पावसात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतो.

बंपरचंही तेच झालं. जुन्या फियाटला, म्हणजे प्रीमियर पद्मिनीला, पुढे जाड लोखंडी पट्टीवर क्रोमचा मुलामा दिलेला बंपर असे. तो ठोकर खाण्यासाठीच होता आणि ठोकर खाऊन वर चमकायचा. कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी बाहेर पडत होती तेव्हा मुंबईत गाडी लावायची म्हणजे पुढच्या गाडीला बंपर टेकेपर्यंत न्यायची, अशी पद्धत होती आणि त्यावरून कोणी भांडत नसे. मग बंपर प्लास्टिकचे झाले. इथवर ठीक होतं. पण त्यांना गाडीच्याच रंगाने रंगवायला सुरुवात झाली, आणि ढालीलाच खरचटायची भीती वाटू लागली. लोकांनी बंपरला वाचवण्यासाठी त्याच्यापुढे स्टीलच्या नळ्यांचे बुलबार लावले. एअरबॅग कधी उघडायची हे सेन्सर ठरवतात, आणि मध्ये ही नळी आली की धडकेचा हिशेब चुकू शकतो. शिवाय समोर पादचारी आला तर त्याची काही धडगत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून कळवलं की हे बुलबार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरुद्ध आहेत, कारवाई करा. आजही राजकीय पक्षाचा झेंडा लावलेल्या प्रत्येक दुसऱ्या गाडीला बुलबार दिसतो. झेंड्यामुळे कलम झाकलं जात असावं.

अण्णा कायद्याने चालणारे. त्यांनी बुलबार लावला नाही. ते डिटेलिंगच्या दुकानात गेले.

पूर्वी गाडी धुवायच्या जागेला वॉशिंग सेंटर म्हणत. तिथे रॅम्प असे, प्रेशरचा पाइप असे आणि गमबूट घातलेला पोरगा असे. आता काळ्या भिंती, छताला षटकोनी दिवे आणि कॉफीचं यंत्र असलं की त्याला स्टुडिओ म्हणतात. तिथल्या तरुणाने अण्णांना सोफ्यावर बसवून विचारलं, "सर, गाडीसाठी काय सोल्यूशन बघताय?" बँकेत पस्तीस वर्षं कर्जदारांना हाच प्रश्न विचारलेला माणूस तो. अण्णा सावध झाले.

तरुणाने पीपीएफ दाखवली. पेंट प्रोटेक्शन फिल्म. अण्णांच्या पिढीला पीपीएफ म्हणजे पंधरा वर्षांचं करमुक्त पुण्य. त्यांनी घरी जाऊन काकूंना "पीपीएफमध्ये पैसे घालतोय," एवढंच सांगितलं आणि काकूंनी आनंदाने मान डोलावली. सगळ्या गाडीचा आकडा लाखाच्या घरात जातो हे कळल्यावर मान थांबली. "पुढच्या भागापुरते घाला," असा निकाल लागला. त्यामुळे बॉनेट, बंपर, पुढचे मडगार्ड, हेडलाइट आणि आरसे एवढ्यांनाच फिल्म चढली. छत, दारं आणि डिकी उघड्यावर राहिली. हे पुढे महागात पडायचं होतं, पण काकूंचा त्यात दोष नाही.

ही फिल्म म्हणजे पॉलियुरेथेनचा पारदर्शक, चिवट कातडा. जाडी २०० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे ज्या रंगाला ती जपते त्याच्यापेक्षा जाड. तिचा उगम ऐकून अण्णांना भरून आलं. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी हेलिकॉप्टरं उतरताना वाळू आणि खडे उडून त्यांची पाती झिजायची. पात्यांच्या कडांना लावायला थ्रीएम कंपनीने अशी फिल्म केली. मग ती शर्यतीच्या गाड्यांवर आली, मग श्रीमंतांच्या गाड्यांवर, आणि तिथून कोथरूड ते मंडई या मार्गावर. हेलिकॉप्टरच्या पात्याचा वेग आणि कर्वे रस्त्यावरचा संध्याकाळचा वेग यांची तुलना इथे करत नाही. अण्णांनीही केली नाही.

फिल्मचा दुसरा गुण म्हणजे तिच्यावरचे बारीक ओरखडे उष्णतेने आपोआप भरून येतात. हे खरं आहे. वरचा थर तापला की सैल होऊन पुन्हा सपाट होतो. उन्हात ठेवा, नाही तर कोमट-गरम पाणी ओता, असं त्या तरुणाने सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात कोणाच्या तरी पिशवीची चेन बॉनेटला घासली आणि सकाळी सहा वाजता अण्णा गिझरच्या पाण्याची बादली घेऊन खाली आले. दूध आणायला निघालेल्या तिघांनी थांबून पाहिलं. अण्णा बॉनेटवर तांब्याने पाणी घालत होते, ओरखडा हळूहळू दिसेनासा होत होता, आणि तोंडाने काही पुटपुटत नव्हते एवढंच. सोसायटीत बातमी पसरली की अण्णा गाडीला अभ्यंगस्नान घालतात.

फिल्मवर सिरॅमिक कोटिंगही झालं. त्याची कडकपणाची पातळी '९ एच' असते असं पत्रकात ठळक छापलेलं होतं. अण्णांना वाटलं हे हिऱ्याच्या खालोखाल असणार. प्रत्यक्षात ही मोजपट्टी पेन्सिलींची आहे. रंगाच्या थरावर वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली ठरावीक दाबाने ओढून बघतात. ९ एच पेन्सिलीने ओरखडा उठला नाही की ९ एच. कोटिंगवर पाणी ठरत नाही, घाण लवकर निघते, चकाकी राहते, हे सगळं खरं. पण खडीच्या डंपरमधून जे येतं ते पेन्सिल घेऊन येत नाही.

खड्यांविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. पुढच्या डंपरने आपल्याला खडा मारला, असं आपण म्हणतो. टायरच्या खाचेतला खडा कधी कधी मागे भिरकावला जातो हे खरं. पण बऱ्याचदा तो बिचारा जागच्या जागी उडी मारतो, आणि आपणच ताशी १०० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटरने, जाऊन त्याच्यावर आपटतो. वेग दुप्पट झाला की मार चौपट होतो. शहरातल्या ६० च्या वेगाला जो खडा टिचकी मारून जातो, तोच समृद्धी महामार्गावर १२० ला चौपट जोराने बसतो. यावर उपाय म्हणजे हळू जाणे. तो फुकट असल्यामुळे कुठल्याच स्टुडिओत मिळत नाही.

अण्णांनी तो अमलात आणला. ते डंपर दिसला की इतके मागे राहायचे की मधल्या जागेत चार गाड्या, दोन टेम्पो आणि एक वरात शिरायची. वरात पुढे गेली की पुन्हा अंतर. कोकणात जाताना तर त्यांचे फार हाल झाले. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं, आणि या रस्त्याने रंगावर जेवढे प्रयोग केले तेवढे कुठल्या प्रयोगशाळेने केले नसतील. कुठे नवं काँक्रीट, कुठे जुनं डांबर, कुठे 'रस्त्याचे काम चालू आहे' अशी पाटी आणि तिच्याखाली पसरलेली खडी. ताडपत्री न बांधलेले डंपर, वळणावर सांडलेली कच, आणि तिच्यावरून ऐंशीने निघालेल्या, गणपतीला उशीर झालेल्या गाड्या. माणगावच्या अलीकडे एक डंपर अण्णांच्या पुढे आला. अण्णा मागे राहिले. डंपर चहाला थांबला. अण्णाही लांबवर थांबले. ड्रायव्हर चहा पिऊन अण्णांपाशी आला आणि म्हणाला, "काका, कधीपासून बघतोय, माझ्या मागं का लागलाय तुम्ही?"

काचेचं दुःख वेगळं. पुढची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते, त्यामुळे खडा लागला तरी ती अंगावर कोसळत नाही, नुसता तारा उमटतो. हा तारा लहान असतानाच राळ भरून थांबवता येतो. नाही तर एखाद्या उन्हाळी दुपारी एसी लावला की तो सरपटत थेट दुसऱ्या टोकाला जातो. विम्यात काचेला घसारा लागत नाही, प्लास्टिकच्या बंपरला ५० टक्के लागतो, हे अण्णांना तोंडपाठ. पण दावा केला की 'नो क्लेम बोनस' जातो. पाच वर्षं काही न मागता राहिलं तर हा बोनस २० टक्क्यांवरून ५० पर्यंत चढतो. अण्णांचा तो ५० वर पोचला तेव्हा त्यांना सेवेत बढती मिळाल्याचा आनंद झाला होता. त्यानंतर काचेवर एक तारा उमटला. तो त्यांनी स्वतःच्या पैशाने बुजवला आणि विमा कंपनीला कळू दिलं नाही.

आता किडे. खडा निदान निर्जीव असतो, त्याच्याबद्दल मनात काही येत नाही. किड्याचं तसं नाही.

जूनचे पहिले एक-दोन पाऊस झाले की संध्याकाळी कराडच्या आसपास गाडी चालवून पाहा. उसाच्या मुळ्या खाणाऱ्या हुमणीचे भुंगेरे याच दिवसांत जमिनीतून बाहेर येतात आणि दिवेलागणीला कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात. काही खाणं, काही लग्नकार्य. दिवा दिसला की तिकडे झेपावतात, म्हणून कृषी खातं शेतकऱ्यांना शेतात प्रकाश सापळे लावायला सांगतं. एक बल्ब, खाली टब, टबात रॉकेल मिसळलेलं पाणी. आता एका बल्बच्या जागी दोन एलईडी हेडलाइट घ्या आणि सापळाच ताशी ८० ने भुंगेऱ्यांकडे न्या. टरफलासकट टपोऱ्या गारा पडल्यासारखा आवाज येतो. त्या रात्री अण्णांच्या गाडीने ऊस उत्पादकांची जी सेवा केली, तिच्यासाठी त्यांना अनुदान मिळायला हरकत नव्हती.

किडा मेला तरी काम थांबवत नाही. त्याच्या अंगातला द्रव क्लिअर कोटवर बसतो, दुसऱ्या दिवशीचं ऊन तो भाजून काढतं, आणि मग पुसला तरी खाली डागाची खूण राहते. म्हणून तो ओला असतानाच काढायचा, सुकला असेल तर ओलं फडकं पाच-दहा मिनिटं वर ठेवून सैल करायचा, आणि मग घासायचं नाही, नुसतं उचलायचं. एवढीच खरी विद्या आहे. पण आपल्याकडे या कामी जे वापरलं जातं त्याची यादी किराणा दुकानात लावता येईल. रॉकेल, खोबरेल, कपड्याचा साबण, दात घासायची पेस्ट, बेकिंग सोडा, लहान बाळाचा शांपू. पेट्रोल पंपावरचा पोरगा तर प्रेमाने काच पुसायचा बोळा घेऊन बॉनेटकडे वळतो. त्या बोळ्यात मागच्या शंभर गाड्यांची वाळू असते. अण्णा चालत्या गाडीतून उतरल्यासारखे उडी मारून त्याच्या आडवे जायचे. खरं तर बहुतेक गाड्यांवरचे ते कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे ना खड्यांचे असतात ना किड्यांचे. ते रोज सकाळी एकाच फडक्याने आधी चाकं आणि मग बॉनेट पुसणाऱ्याचे असतात. त्याला महिन्याला पैसे देऊन आपण ते करून घेतो.

किड्यांच्या बाबतीत आपण सुखी आहोत, हे फ्लॉरिडातल्या लोकांकडे पाहून कळतं. तिथे 'लव्हबग' नावाची काळी माशी असते. ती वर्षातून दोनदा, मे आणि सप्टेंबरच्या सुमारास, ढगांनी निघते, आणि नर-मादी एकमेकांना जोडलेल्या अवस्थेतच उडतात. तापलेला रस्ता आणि गाडीचा धूर यांची त्यांना ओढ असल्यामुळे ही जोडपी बरोबर महामार्गावर येतात. एका टपक्यात दोन मृत्यू. त्यांच्यापायी तिथे रेडिएटर झाकले जाऊन इंजिनं तापायची, आणि लोक बॉनेटच्या टोकाला काळ्या रेक्झिनची झूल बांधायचे. ती झूल फडफडून आणि आत वाळू अडकून रंग घासायची, ओल धरून ठेवायची, ही गोष्ट निराळी. फ्लॉरिडा विद्यापीठाने डास मारायला हा किडा प्रयोगशाळेत तयार केला आणि तो निसटला, अशी तिथे घरोघरी समजूत आहे. ती खोटी आहे; किडा मध्य अमेरिकेकडून हळूहळू सरकत आला. पण गाडीचं नाक रोज धुवावं लागणाऱ्या माणसाला कोणीतरी जबाबदार धरावंच लागतं.

आमच्याकडे काकू अण्णांना जबाबदार धरायच्या. एकदा ऑक्टोबरात गाडी साताऱ्याहून आली ती नंबरप्लेटवर एक पिवळसर चतुर घेऊन. काकूंच्या भाचीने, ती प्राणिशास्त्र शिकते, तो पाहिला आणि सांगितलं की हे चतुर पावसाबरोबर आपल्याकडे येतात आणि पावसाळा सरला की मालदीववरून समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात, असं शास्त्रज्ञ मानतात. एवढासा जीव, हजारो किलोमीटर, खाली नुसतं पाणी. काकूंनी अण्णांकडे अशा नजरेने पाहिलं की जणू त्यांनी परदेशी पाहुण्याला विमानतळाच्या वाटेवर उडवलं. "मी काय मुद्दाम गेलो का त्याच्या अंगावर?" अण्णा म्हणाले. भाची म्हणाली, "काका, तो मुद्दाम आला का?"

याच भाचीने पुढे अण्णांचा आणखी एक आनंद घालवला. दोन-तीन वर्षांनी अण्णांच्या लक्षात आलं की गाडीवर किडे पूर्वीएवढे बसत नाहीत. त्यांनी श्रेय कोटिंगला दिलं आणि स्टुडिओतल्या तरुणाला फोन करून शाबासकीही दिली. तरुणाने नम्रपणे ती घेतली. भाचीने सांगितलं की जर्मनीत हौशी कीटक अभ्यासकांनी २७ वर्षं राखीव रानांत सापळे लावून उडत्या किड्यांचं वजन केलं. २०१७ मध्ये आकडे छापून आले तेव्हा घट तीन चतुर्थांशाहून जास्त निघाली. इंग्लंडात २००४ मध्ये पक्षी संरक्षण संस्थेने हजारो गाडीवाल्यांना नंबरप्लेटवर लावायला चौकटींचा कागद दिला होता आणि प्रवासानंतर त्यावरचे डाग मोजायला सांगितलं होतं. मोजणीचं तंत्र पुढे दुसऱ्या संस्थांनी चालवलं. २०२१ ला डाग निम्म्याहून कमी भरले. गाड्यांचे आकार आता निमुळते झाले, किडे वरून निघून जातात, असा आक्षेप आला. म्हणून जुन्या गाड्याही मोजणीत घेतल्या, तर त्या आक्षेपात दम निघाला नाही.

"म्हणजे कोटिंगचा काही उपयोग नाही?" अण्णांनी विचारलं.

"आहे की," भाची म्हणाली. "पण किडेच नसले तर कसं कळणार?"

अण्णा त्या रात्री नीट जेवले नाहीत. किड्यांचं वाईट वाटलं म्हणून, की कोटिंगच्या पैशांचं, हे काकूंनाही सांगता आलं नाही.

आठव्या वर्षी गाडी विकायची ठरली. अण्णांचा गुडघा क्लच मानेना. जाहिरात दिली, आणि एक जोडपं गाडी पाहायला आलं, सोबत एक तपासणी करणारा तरुण. अण्णांनी कव्हर काढलं. बॉनेटवर एक टवका नाही, बंपरवर एक खरचट नाही, हेडलाइट पिवळे पडलेले नाहीत. अण्णा बाजूला हात मागे बांधून उभे राहिले, जसे ते ऑडिटच्या वेळी उभे राहत.

तरुणाने खिशातून एक यंत्र काढलं. ते पत्र्याला टेकवलं की वरच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये दाखवतं. छतावर टेकवलं, ११५. दारावर १२०. डिकीवर ११८. बॉनेटवर टेकवलं, ३२०. त्याने ओठ आवळले. मडगार्डवर टेकवलं, ३१५. त्याने त्या जोडप्याकडे पाहिलं.

"पुढून ठोकलेली आहे. पुट्टी भरून रंग मारलाय."

अण्णांना घाम फुटला. फिल्म आहे, फिल्म आहे, असं ते चार वेळा म्हणाले. बिल आणायला काकूंना वर पाठवलं. बिलावर 'पीपीएफ' एवढंच लिहिलेलं होतं. जोडप्यातल्या बाईंना वाटलं काका गुंतवणुकीचे कागद दाखवताहेत. शेवटी अण्णांनी स्वतःच्या हाताने बॉनेटची कड धरली आणि आठ वर्षं जपलेली ती फिल्म ओढून काढली. खालून आठ वर्षांपूर्वीचा लाल निघाला, शोरूममधला, तसाच्या तसा. त्याच्या शेजारी दारं आणि छत, ज्यांच्यावर आठ उन्हाळे गेले होते, ती विटकरी दिसायला लागली.

"बघा," तरुण म्हणाला, "दोन रंग. पुढचा भाग नवीन आहे."

"अहो, नवीन नाही, मूळचा आहे तो! एक खडा लागू दिला नाही मी त्याला. एक किडा बसू दिला नाही!"

"तेच म्हणतोय ना सर," तरुण समजुतीच्या सुरात म्हणाला. "आठ वर्षांची गाडी, साठ हजार किलोमीटर, आणि पुढे एक टवका नाही? बॉनेट बदलल्याशिवाय असं होतच नाही."

सौदा पस्तीस हजार कमी करून झाला. जाताना त्या बाईंनी फिल्मचा गुंडाळा उचलला आणि विचारलं, "काका, हे घेऊ का? गच्चीवरच्या कुंड्यांना पावसात झाकायला बरं आहे."